विकण्यासाठी बांधलेले घर

लंडनच्या वायव्य भागात, प्रिमरोज हिल या टेकडीजवळ, किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. त्यावरील 10 क्रमांकाच्या घराच्या भिंतीवर एक गोल निळी पाटी आहे. 1921–22 या काळात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर येथे राहत होते, असे ती सांगते. हे घर विक्रीला निघाले आणि 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते 30 लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून ही बातमी ‘बाबासाहेबांचे लंडनमधील घर’ म्हणून आली, आणि ते योग्यच होते. लंडनच्या घरबाजाराच्या दृष्टीने मात्र ते रांगेतले एक व्हिक्टोरियन घर होते: चांगल्या वस्तीतले, स्वतंत्र दाराचे, कोणीही झटकन उचलावे असे.

अशी घरे विक्रीला आली की फार दिवस पडून राहत नाहीत, असा लंडनच्या घरदलालांचा सर्वसाधारण अनुभव. बाजार मंदावला तरी चांगल्या रांगेतल्या घराला गिऱ्हाईक मिळते. हे का घडते? दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या अरुंद, उंच, जिनेच जिने असलेल्या घरात आजचा माणूस नेमके काय शोधतो? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण आजच्या बाजारातून थेट सतराव्या शतकात जातो. तिथून परत 10 क्रमांकाच्या दारात आल्यावर लक्षात येते, की महाराष्ट्राने ते घर घेतल्यानंतर जो वाद झाला, त्याचे मूळही त्याच उत्तरात होते.

टेरेस म्हणजे गच्ची नव्हे

आपण मराठीत ‘टेरेस’ म्हणतो ती गच्ची. लंडनमध्ये टेरेस म्हणजे एकमेकांना चिकटून, एका ओळीत, एकाच नमुन्याने उभारलेली घरे. दोन घरांमधली भिंत सामाईक. प्रत्येक घराची रुंदी साधारण वीस-चोवीस फूट, खोली त्याहून बरीच जास्त, आणि वाढ वरच्या दिशेने. रस्त्याच्या पातळीखाली अर्धभुयारी मजला, तेथे पूर्वी स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर. त्याच्यापुढे, पदपथाच्या पोटात, कोळसा साठवण्याचे भुयार. तळमजल्यावर जेवणघर. पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच छताची आणि सर्वांत मोठ्या खिडक्यांची बैठकीची खोली. त्यावर झोपायच्या खोल्या, आणि कौलांखाली माळ्यावर मुले व मोलकरणी. प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक खोली, बाजूला जिना. मागे चिंचोळे परस. बस्स, एवढाच आराखडा. जमीनदाराचे घर मोठे, कारकुनाचे लहान. पण आराखडा दोघांचा एकच.

पुण्यातल्या वाड्याशी याची तुलना करून पाहावी. वाडा आत पाहतो. त्याचा जीव चौकात असतो आणि रस्त्याकडे तो भिंत करतो. टेरेसमधले घर रस्त्याकडे पाहते. आणखी एक फरक याहून मोठा आहे. वाडा बांधणाऱ्याला त्यात कोण राहणार हे ठाऊक होते: तो स्वतः, त्याचे भाऊ, त्याचे वारस. म्हणूनच आज वाडा विकायचा म्हटले की वारसांच्या सह्या आणि जुन्या भाडेकरूंचे हक्क गोळा करता करता वर्षे जातात. लंडनचे घर बांधणाऱ्याला त्यात कोण राहणार हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची त्याला गरजही नव्हती. ते घर विकण्यासाठी बांधलेले होते, आणि लवकर विकले जावे म्हणून तसे बांधलेले होते.

मिरीचा एक दाणा

लंडनच्या बाहेरची शेते सरदार-जमीनदारांच्या, चर्चच्या आणि शिक्षणसंस्थांच्या मालकीची होती. जमीन विकणे त्यांना नको होते, आणि घरे बांधण्यात स्वतःचा पैसा गुंतवणेही नको होते. 1661 नंतर अर्ल ऑफ साउदॅम्प्टन याने ब्लूम्सबरीत जी पद्धत वापरली ती पुढे रूढ झाली. जमीनदाराने चौक आणि रस्ते आखायचे, भूखंड पाडायचे आणि ते ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने द्यायचे. पट्टेदाराने वर्षाला थोडे भुईभाडे भरायचे आणि स्वतःच्या खर्चाने घर बांधायचे. मुदत संपली की जमीन घरासह जमीनदाराकडे परत. सुरुवातीला ही मुदत तीस-चाळीस वर्षांची असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 99 वर्षांचा पट्टा सर्रास झाला.

पट्टा घेणारा बहुधा सुतार, गवंडी किंवा असाच कारागीर असे. त्याच्याजवळ भांडवल बेताचे. त्याला वाव मिळावा म्हणून पहिले वर्ष-दोन वर्षे भुईभाडे नाममात्र ठेवत. कागदावर ते ‘मिरीचा एक दाणा’ असे लिहिले जाई, कारण करार कायदेशीर ठरायला काहीतरी मोबदला दाखवावा लागे. या मिरीच्या मुदतीतच कारागिराचे सारे गणित होते. तेवढ्या काळात भिंती, तक्तपोशी आणि छप्पर उभे करायचे आणि सांगाड्याच्या अवस्थेतच घर विकून मोकळे व्हायचे. गिऱ्हाईक मिळाले नाही, तर खरे भाडे सुरू व्हायचे आणि कर्जदार दारात उभे राहायचे. कित्येक कारागिरांचे असे दिवाळे वाजले. आतला गिलावा, लाकूडकाम, शेकोट्यांची सजावट हे सारे विकत घेणाऱ्याच्या आवडीवर सोडलेले असे.

तेव्हा घर चटकन विकले जाणे हा त्या घराच्या जन्माचाच भाग होता. आणि अनोळखी गिऱ्हाइकाला चटकन विकायचे तर घर सर्वांना चालेल असे हवे. ना फार मोठे, ना विक्षिप्त. पाहताक्षणी कळेल, शेजारच्याशी ताडून किंमत ठरवता येईल, असे.

या धंद्याचा पहिला मोठा खेळाडू निकोलस बार्बन. शिक्षणाने वैद्य, वृत्तीने सट्टेबाज. 1666 च्या आगीत लंडनची तेरा हजारांहून अधिक घरे जळाली. त्यानंतर बार्बनने मोठाल्या जमिनी घेऊन त्यांचे तुकडे पाडले, एकसारख्या घरांचे रस्तेच्या रस्ते उठवले, आणि आगीच्या विम्याचाही धंदा सुरू केला. 1684 मध्ये त्याने रेड लायन फील्ड्स या मोकळ्या मैदानावर बांधकाम काढले, तेव्हा शेजारच्या ग्रेज इनमधले वकील आपली मोकळी हवा जाते म्हणून त्याच्या मजुरांवर चालून गेले. विटांनी मारामारी झाली. बार्बन जिंकला आणि तेथे रेड लायन स्क्वेअर उभा राहिला. आपल्या खिडकीसमोर कोणी काही बांधू नये, ही लंडनकरांची इच्छा तेव्हापासूनची आहे. ती लक्षात ठेवू, कारण पुढे तिच्याशी आपली गाठ पडणार आहे.

चार दर्जे

एकसारखेपणा केवळ व्यापाऱ्यांनी आणला नाही, कायद्यानेही आणला. आगीनंतरच्या 1667 च्या कायद्याने भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात असे ठरवले, आणि रस्त्याच्या मानाने घरांचे चार प्रकार करून मजले व भिंतींची जाडी नेमून दिली. 1707 च्या कायद्याने छपराच्या कडेची लाकडी कंगणी बंद केली. 1709 च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवायला लावली. आज ज्या खोल, सावली धरणाऱ्या खिडक्यांना गिऱ्हाईक ‘देखण्या’ म्हणते, त्या मुळात आग पसरू नये म्हणून आत सरकल्या.

1774 च्या इमारत कायद्याने यावर कळस चढवला. त्याने राहत्या घरांचे किंमत व क्षेत्रफळ यांवरून चार दर्जे केले. 850 पौंडांपेक्षा अधिक किमतीचे आणि 900 चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणारे घर पहिल्या दर्जाचे. 150 पौंडांहून कमी किमतीचे आणि 350 चौरस फुटांहून कमी जागेचे घर चौथ्या दर्जाचे. मधले दोन त्यांच्या दरम्यान. प्रत्येक दर्जासाठी पाया आणि सामाईक भिंत यांची मापे ठरलेली. त्यामुळे घर म्हणजे दर्जा सांगून विकता येणारी वस्तू झाली, जणू बाजारातला प्रतवारी केलेला तांदूळ. 1775 ते 1783 या काळात बांधलेला बेडफर्ड स्क्वेअर या व्यवस्थेचा उत्तम नमुना. वेगवेगळ्या पट्टेदारांनी बांधलेली घरे, पण प्रत्येक बाजू एखाद्या प्रासादासारखी एकसंध दिसते. मधले घर तेवढे पांढऱ्या गिलाव्याने उठून दिसणारे.

या घरांच्या आत डोकावले तर मात्र सारे काही भक्कम नव्हते. दर्शनी महाग विटांची बचत व्हावी म्हणून त्या अर्ध्या तोडून लावत. त्यामुळे पुढचा थर मागच्या स्वस्त विटांच्या भिंतीत नीट गुंतत नसे. भिंतीत लाकडी पट्ट्या घालत, त्या पुढे कुजत. शेवटी घर जमीनदाराकडेच जायचे, तर बांधणारा त्याच्या टिकाऊपणाची चिंता कशाला करील? पट्ट्याच्या मुदतीपुरते उभे राहावे म्हणून बांधलेली ही घरे त्या मुदतीच्या दुप्पट काळ टिकून आज कोट्यवधींना विकली जातात.

गिऱ्हाईक काय पाहते

आज घर पाहायला येणारा माणूस काय मोजतो, याची यादी केली तर तीत तीन शतकांचा इतिहास उमटलेला दिसतो.

पहिली गोष्ट, स्वतःचे दार. फ्लॅटमध्ये राहणारा इंग्रज पुष्कळदा अजूनही पट्टेदारच असतो: इमारत दुसऱ्याची, देखभाल-आकार दुसऱ्याने ठरवलेला, आणि पट्ट्याची उरलेली वर्षे कमी होत जातील तसतशी फ्लॅटची किंमत उतरणारी. अख्ख्या घराच्या मालकांना 1967 च्या पट्टा सुधारणा कायद्याने ठरावीक अटींवर जमिनीची मालकी विकत घेण्याचा हक्क दिला, आणि 1993 च्या कायद्याने तो महागड्या घरांपर्यंत वाढवला. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या विश्वस्तांनी 1967 च्या कायद्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि 1986 मध्ये ते हरले. जाहिरातीतला ‘फ्रीहोल्ड’ हा एक शब्द गिऱ्हाइकाला सांगतो, की येथे मिरीच्या दाण्याची गोष्ट संपली.

दुसरी गोष्ट, उजेड. दोन्ही बाजूंना शेजारी असूनही, घर दोनच खोल्या खोल असल्याने प्रत्येक मजल्यावर पुढून-मागून प्रकाश येतो. पहिल्या मजल्याच्या उंच, वरखाली सरकणाऱ्या खिडक्या, दारावरचा पंख्याच्या आकाराचा झरोका, जिन्याच्या माथ्यावरचे काचेचे छप्पर यांना म्हणूनच मोल आहे. 1696 पासून 1851 पर्यंत इंग्लंडात खिडक्यांवर कर होता, हे आठवले तर एकेका खिडकीची किंमत अधिक कळते.

तिसरी गोष्ट, घराची लवचीकता. पुढे एक खोली, मागे एक खोली या साध्या आराखड्यात काहीही बसते. अर्धभुयारी मजल्यावरचे नोकरांचे स्वयंपाकघर आज परसात उघडणारे कुटुंबाचे स्वयंपाकघर होते, माळ्याची अभ्यासिका होते, कोळशाच्या भुयारात सायकली जातात. कोणासाठीच खास बांधलेले नसल्यामुळे ते कोणालाही चालते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि जाहिरातीत क्वचितच लिहिलेली: रांग. घर शोभते ते शेजारच्या घरांमुळे. कंगणी सरळ रेषेत चालली, खिडक्या एका पातळीत आल्या, कोणी मध्येच पत्र्याचे छप्पर ठोकले नाही, तरच प्रत्येकाच्या घराची किंमत टिकते. म्हणजे गिऱ्हाईक आपल्या चार भिंतींबरोबर शेजाऱ्यांचा संयमही विकत घेते. हा संयम पूर्वी जमीनदाराच्या पट्ट्यातल्या अटी राखत. जमिनी सुटत गेल्या तशी ती राखण स्थानिक कौन्सिलकडे आली. 1967 च्या दुसऱ्या एका कायद्याने जतन-क्षेत्रे ठरवण्याचा अधिकार त्यांना मिळाला.

आणि घर लवकर विकले जाण्याचे रहस्यही या रांगेतच आहे. एकट्या बंगल्याची किंमत ठरवायला तज्ज्ञ लागतो. रांगेतल्या घराची किंमत शेजारचे घर सांगते. इंग्लंडात 1995 पासूनच्या घरविक्रीच्या किमती सरकारी नोंदणीत कोणालाही पाहता येतात. सहा महिन्यांपूर्वी चौथे घर कितीला गेले हे ठाऊक असलेला माणूस सातवे घर पाहून त्याच संध्याकाळी आकडा सांगू शकतो. अर्थात आकडा मान्य होणे म्हणजे विक्री नव्हे. करारांची अदलाबदल होऊन बहुधा दहा टक्के इसारा भरेपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो, आणि अधिक पैसे देणारा आला तर विकणारा पहिल्याला वाऱ्यावर सोडतो. म्हणून तर ज्याला घर हवे असते तो घाई करतो.

उतरती कळा आणि पुनरागमन

ही घरे नेहमीच अशी हवीहवीशी होती असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनासे झाले, आणि चार-पाच मजले झाडून-पुसून ठेवणे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेले. सधन कुटुंबे उपनगरांतल्या बागेच्या घरांकडे सरकली. रिकाम्या मजल्यांवर खोलीखोलीने भाडेकरू आले: कारकून, शिक्षिका, आणि साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी. ज्या लवचीकतेमुळे घर कोणालाही विकता येत होते, तिच्यामुळेच ते कोणालाही भाड्यानेही देता येऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक रांगा पाडल्या गेल्या. मग वारे फिरले. इस्लिंग्टनसारख्या वस्तीत शिक्षक, वास्तुविशारद, पत्रकार यांनी जुनी घरे घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली आणि जुन्या भाडेकरूंना जागा सोडाव्या लागल्या. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये या घडामोडीला ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द दिला. आजची किंमत त्या विस्थापनावरही उभी आहे, हे विसरता येत नाही.

दहा क्रमांकाचे दार

किंग हेन्रीज रोडचा परिसर ईटन कॉलेजच्या जमिनीवर वसला. रस्त्याचे नाव त्या शाळेचा संस्थापक सहावा हेन्री याच्यावरून. बाबासाहेब 1920 मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला परतले. 1921 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम. एस्सी. झाले, 1923 मध्ये डी. एस्सी.; त्यांचा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ त्याच वर्षीचा. बॅरिस्टरीसाठी ते ज्या संस्थेत होते ती ग्रेज इन, बार्बनच्या मजुरांशी विटांनी भांडलेल्या वकिलांची. मोठी घरे खोल्याखोल्यांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू लागली होती, त्या काळातले त्यांचे हे बिऱ्हाड.

घर विक्रीला आले तेव्हा ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला. शासनाचे निर्णय फाइलीच्या गतीने होतात आणि लंडनचा बाजार त्या गतीला थांबत नाही, तरी व्यवहार झाला. 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत, स्मारकाचे उद्घाटन झाले.

येथे रांगेचा नियम आडवा आला. राहते घर संग्रहालय करायचे तर वापर बदलण्याची परवानगी लागते. ती नंतर मागितली गेली, आणि 2018 मध्ये कॅम्डेन कौन्सिलने नाकारली. कारण दिले ते राहण्याची जागा कमी होते, हे. शेजाऱ्यांपैकी काहींची तक्रार गर्दी आणि आवाजाची होती. आपल्याकडे याकडे पूर्वग्रह म्हणून पाहिले गेले, आणि ज्या समाजाला शतकानुशतके वस्तीबाहेर ठेवले गेले त्याला हे ‘नाही’ वेगळेच बोचणार, हे उघड आहे. पण घरटंचाई असलेल्या शहरात कौन्सिलचा मुद्दा पोकळ नव्हता. टेरेसमधले प्रत्येक घर, बाकीची घरे घरेच राहतील या भरवशावर आपली किंमत राखून असते. शासनाने घर घेतले, पण त्याबरोबर येणारा रांगेचा करार वाचलेला दिसत नाही.

2019 मध्ये जाहीर चौकशी झाली. मार्च 2020 मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी अपील मान्य केले आणि संग्रहालयाला परवानगी मिळाली. एक निवासस्थान कमी होते हे खरेच धरून, या स्थळाचे सांस्कृतिक आणि सामाजिक मोल त्याहून जड मानले गेले.

बाजाराच्या भाषेत पाहिले तर या गिऱ्हाइकाने सगळेच उलटे केले. फ्रीहोल्ड, उजेड, माळा, परस, रांग यांपैकी कशासाठीही त्याने पैसे मोजले नाहीत. शेजारच्या घराशी ताडून पाहता येणार नाही अशी एकच गोष्ट त्याने घेतली: येथे एक विद्यार्थी राहून गेला. आता लोक जिना चढतात, खोलीत थोडा वेळ उभे राहतात आणि हळू आवाजात बोलत खाली येतात. पलीकडे, सामाईक भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, कोणाचे तरी रोजचे घर चालू असते. त्या घराचा मालक उद्या घर विकायला काढील, तेव्हा गिऱ्हाईक शेजारी कोण म्हणून विचारील. आणि दलालाला या एका घराची गोष्ट सांगावी लागेल.